भाषांतरकाराची शब्दसंख्या आणि इमोजी

ज्या विषयावर आम्ही लेखणी उचलली आहे तो ह्या मासिकाच्या पानांस शोभण्याजोगा नाही, असे आमच्या काही स्नेह्यांस वाटेल हे आम्ही जाणून आहोत. कादंबरीचे परीक्षण, एखाद्या विस्मृत कवीचा परामर्श, छंदःशास्त्रातील वाद ह्यांच्या पंक्तीला पिवळ्या वाटोळ्या हसऱ्या तोंडांनी पाट मांडून बसावे, ही कल्पना वर्षभरापूर्वी आम्हांसही मानवली नसती. आम्ही स्वतः इमोजी वापरीत नाही. घरातील तरुण मंडळी त्याबद्दल आम्हांस रुक्ष म्हणतात, आणि आमची दोन शब्दांची कोरडी उत्तरे वाचून 'रागावलात का?' असा उलट प्रश्न आम्हांस आठवड्यातून एकदा तरी येतो. तेव्हा ह्या चित्रांविषयी आमच्या मनात पक्षपात असलाच, तर तो त्यांच्या विरुद्धच असणार, एवढे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे. प्रश्न आमच्या आवडीनिवडीचा नाही, मजुरीचा आहे. भाषांतर करून पोट भरणाऱ्या माणसाच्या कष्टांतला एक भाग आज राजरोस हिशेबाबाहेर टाकला जात आहे, आणि ज्या साहित्यिकांनी त्याची बाजू घ्यावी, ते 'इमोजी ही काय भाषा आहे?' असे म्हणत टाकणाऱ्यांच्याच बाजूस जाऊन उभे राहिले आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाला, चार महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवून थकला, आणि शेवटी भाषांतराच्या धंद्यात पडला. गेल्या वर्षी त्याला एका भाषांतर-संस्थेकडून (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) काम मिळाले ते असे : एका व्यापारी कंपनीच्या मराठी ग्राहकांनी मोबाइलवरून लिहिलेले अभिप्राय इंग्रजीत करावयाचे, दर, मूळ मराठीच्या प्रत्येक शब्दामागे सव्वा रुपया. अभिप्रायांत इमोजी पावलोपावली होते. कंपनीच्या संगणकात चित्रे चालत नव्हती. सबब जेथे इमोजी असेल तेथे त्याचा अर्थ इंग्रजी शब्दांत कंसात लिहावा, अशी लेखी सूचना कामासोबत आली होती. त्याने इमानाने ती पाळली. काम संपल्यावर नेहमीच्या लेखन-सॉफ्टवेअरने दाखविलेली शब्दसंख्या घेऊन त्याने ६१४० शब्दांचे बिल पाठविले. संस्थेने आपल्या यंत्रणेवर मोजून ५२१६ शब्द मान्य केले. मधले ९२४ शब्द कोठे गेले असे विचारता उत्तर आले, की चिन्हे हे शब्द नव्हेत. रक्कम ११५५ रुपयांची. मोठी नाही, पण ज्याला महिन्याकाठी अशी दहा बिले करून घरभाडे भरावे लागते त्याच्या दृष्टीने लहानही नाही.

ह्या ९२४ जागी त्याने काय केले ते पाहण्यासाठी आम्ही त्याची कागदपत्रे मागवून घेतली. एका ग्राहकाने 'वा, काय तत्पर सेवा!' असे लिहून पुढे उलटे टांगलेले हसरे तोंड टाकले होते. ते तोंड झाकून वाचले तर ही स्तुती. उघडून वाचले तर शिव्या. दुसऱ्याने 'आमच्या आईंना फार आवडले' ह्या वाक्यापुढे हात जोडले होते. हे आभार, की नमस्कार, की ह्या वाक्यातही काही छद्म आहे, हे ठरविण्यासाठी ग्राहकाचे आधीचे दोन अभिप्राय उघडून पाहावे लागले होते. तिसऱ्याने एक अक्षरही न लिहिता केवळ चार लाल संतप्त तोंडे ओळीने मांडली होती. ह्या शेवटल्या अभिप्रायाची शब्दसंख्या संस्थेच्या हिशेबी शून्य. पण तो इंग्रजीत गेला पाहिजे अशी संस्थेची ताकीद, आणि गेला नसता तर चूक म्हणून दंड! 'मला तत्पर सेवा मिळाली' ह्या सरळ वाक्याचे मोल पाच रुपये, आणि ज्या एका खुणेवरून वाक्याचा अर्थ उलटा होतो ती ओळखण्याचे मोल काहीच नाही, असा हा न्याय आहे.

आता ही शब्दगणना होते कशी, ते थोडे सांगितले पाहिजे. कारण 'यंत्राने मोजले' असे म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्यही पुढे प्रश्न विचारीत नाही. यंत्रास शब्द म्हणजे काय हे मुळीच कळत नाही. साध्या सॉफ्टवेअरच्या लेखी दोन रिकाम्या जागांच्या मध्ये जे काही सापडेल तो एक शब्द. त्यामुळे वाक्याच्या मधोमध एकटी उभी असलेली आडवी रेघसुद्धा शब्द म्हणून मोजली जाते. 'येतो' ह्या शब्दापुढे जागा सोडून हसरे तोंड काढले तर शब्द दोन. जागा न सोडता चिकटवून काढले तर एक. तीन तोंडे सुटी काढली तर तीन, एकमेकांस चिकटून काढली तर एक. 'हा हा हा' असे हसलो तर तीन शब्दांचे पैसे, 'हाहाहा' असे हसलो तर एकाचे. दुसऱ्या पद्धतीत, युनिकोड ह्या जागतिक लिपिसंकेताने शब्दांच्या सीमा कोठे मानाव्या ह्याचे जे नियम घालून दिले आहेत त्यांवरून तुकडे पाडतात, आणि ज्या तुकड्यात अक्षर वा अंक नाही तो गाळतात; तेथे तोंड चिकटले काय नि सुटे राहिले काय, शून्यच. तिसरीत इमोजीला मजकुराच्या रचनेची खूण समजून बाजूस काढतात. तीन यंत्रे, तीन उत्तरे. आणि तिन्ही 'अचूक'! ज्या रिकाम्या जागेत काहीही नाही तिच्यावर मोल ठरते, आणि जेथे अर्थ आहे तेथे ते ठरत नाही, ही ह्या गणितशास्त्राची गंमत आहे.

अक्षरे मोजू गेले तर घोटाळा वाढतोच. आईबाप व दोन मुले असे जे कुटुंबाचे चित्र आहे ते डोळ्यांना एक दिसते. पण युनिकोडमध्ये ती चार निरनिराळी माणसे असून त्यांच्या मध्ये तीन अदृश्य जोडक असतात, म्हणजे एकंदर सात संकेत. संगणकाच्या पोटात ते साठविण्याच्या एका रूढ पद्धतीने मोजले तर अकरा. तेव्हा एकच कुटुंब कोणाच्या वहीत एक, कोणाच्या सात, कोणाच्या अकरा. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हा अदृश्य जोडक इमोजीसाठी निर्माण झालेला नव्हे. तो अरबीसारख्या व आपल्या देवनागरीसारख्या लिप्यांच्या सोयीसाठी आधीपासून होता. 'तऱ्हा', 'सुऱ्या' ह्यांतला चंद्राकृती अर्धा र टंकण्याच्या एका रीतीत तोच उपयोगी पडतो. जो दुवा आमच्या र-काराला आधार देतो तोच आता ह्या पिवळ्या कुटुंबाला एकत्र धरून ठेवतो, हे कळल्यापासून त्या कुटुंबाविषयी आम्हांस किंचित आपलेपणा वाटू लागला आहे.

ह्या गोंधळास शिस्त लावण्याचा प्रयत्न कोणी केला नाही असे नाही. भाषांतर-व्यवसायाच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने शब्दसंख्या सर्वांनी एकाच रीतीने मोजावी म्हणून जीएमएक्स-व्ही नावाचे प्रमाणमाप २००७ च्या सुमारास सिद्ध केले. ते वर सांगितलेल्या युनिकोडच्या शब्दसीमांवरच उभारलेले होते. २०११ साली ती संघटनाच बंद पडली. आणि इमोजी युनिकोडमध्ये मोठ्या संख्येने दाखल झाले ते २०१० साली. म्हणजे माप तयार झाले तेव्हा हा माल बाजारात जवळजवळ नव्हता, आणि माल आला तेव्हा माप तपासणारे घर उठण्याच्या बेतात होते.

परंतु आमची मूळ तक्रार यंत्रावर नाही, मापावर आहे. आपल्याकडे पोथ्या नकलून घेण्याचा काळ आठवावा. संस्कृत व जैन पोथ्यांच्या शेवटी 'ग्रंथसंख्या' दिलेली असते. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ असे ते माप होते, आणि लेखकाची, म्हणजे नकलनविसाची, मजुरी त्यावरून ठरे. हे माप अत्यंत प्रामाणिक होते, कारण नकलनविसाचे कष्ट खरोखर अक्षरागणिकच होतात. त्याच्या बोरूला उपनिषद काय आणि गाईच्या रोगांवरचा पाठ काय, सारखेच. आज भाषांतरकारास जे शब्दसंख्येचे माप लाविले जाते ते ह्याच जातीचे आहे. तो मूळ मजकूर हाताने उतरवून काढतो असे समजून ते केलेले आहे. तो समजून घेऊन दुसऱ्या भाषेत नव्याने सांगतो, हे त्या मापात कोठेही नाही. शब्द पुष्कळ व सोपे असले की तो मिळवितो, थोडे व अवघड असले की बुडतो.

मराठी भाषांतरकारास तर हा व्यवहार दुहेरी तोट्याचा आहे. इंग्रजीत ज्याला पाच शब्द लागतात ते 'घराच्या समोर' आम्ही 'घरासमोर' म्हणून एका शब्दात सांगतो. आमचे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, आणि इंग्रजीची क्षुल्लक उपपदे व शब्दयोगी अव्यये सुटी उभी राहून एकेका शब्दाचे मोल खातात. मूळ मराठीवर दर ठरला तर सारा लाभ संस्थेचा. आमच्या विद्यार्थ्याचे ५२१६ शब्द इंग्रजीत साडेसात हजारांच्या घरात गेले होते. त्यावर त्याने तक्रार केली नाही. कराराच्या वेळी ते ठाऊकच होते. आधीच घट्ट विणलेल्या भाषेतून काम करणाऱ्याच्या पदरातून आणखी नऊशे चोवीस काढून घेणे, हे मात्र आम्हांस सहन होईना.

'इमोजी' हा शब्दच काय सांगतो पाहा. पुष्कळांची समजूत अशी, की भावनेला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचेच हे लाडके रूप होय. 'भावचिन्ह' हा मराठी प्रतिशब्द त्याच समजुतीतून निघाला असावा. वस्तुतः शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर; इंग्रजीशी साम्य केवळ योगायोगाचे. १९९९ साली जपानातील एनटीटी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी शिगेताका कुरिता ह्यांनी बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्राक्षरे बसविली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. आता मौज अशी, की जपानीत शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत, म्हणून तेथे जपानीवरून होणाऱ्या भाषांतराचा दर सामान्यतः अक्षरावर, म्हणजे 'मोजी'वर ठरतो. ज्याच्या नावातच अक्षर आहे ते आपल्या जन्मभूमीच्या मापाने निदान एक भरते. आमच्याकडे येऊन मात्र ते शून्य झाले. जर्मनीत न्यायालयीन भाषांतराचे मोल कायद्याने ५५ टंकांच्या एका घटकावर बांधले आहे. सांगावयाचे एवढेच, की शब्द हे माप देवाने दिलेले नाही. निरनिराळ्या देशांनी निरनिराळी मापे सोयीने घेतली, आणि सोय सरली की ती बदलताही येतात.

आता आमच्या साहित्यिक स्नेह्यांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप, इमोजीला भाषांतर लागतच नाही. चित्र सर्व देशी सारखेच. हे म्हणणारांनी आपल्याच घरातील व्हॉट्सअ‍ॅपचा गट उघडून पाहावा. जोडलेले हात सकाळी 'सुप्रभात'च्या पुढे येतात, दुपारी कोणाच्या निधनाच्या वार्तेखाली फुलासह येतात, आणि रात्री वाद हातघाईवर आला म्हणजे 'आता पुरे, मला ह्यात ओढू नका' ह्या अर्थाने येतात. आपण मराठी माणसे तिन्ही ओळखतो, कारण तिन्ही प्रसंगी आपण प्रत्यक्षातही हातच जोडतो. 'कोपरापासून नमस्कार' आपल्याच भाषेतला. पण जपानात ह्याच चित्राचा अर्थ विनंती किंवा आभार असा होतो, आणि ते दोन माणसांनी एकमेकांच्या तळव्यावर मारलेली टाळी आहे अशी समजूत करून घेतलेले इंग्रजी वाचक पुष्कळ आहेत. श्रद्धांजलीच्या खाली टाळी! साधे मंद हसणारे तोंड आपण सौजन्याने पाठवितो. चीनमधील तरुण मंडळी त्यात उपेक्षा किंवा तुच्छता वाचतात. शिवाय चित्र स्थिरही नाही. पिस्तुलाचे जे चित्र होते ते २०१६ साली अ‍ॅपलने आपल्या यंत्रांवर पाण्याच्या पिचकारीत बदलले, आणि पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. संकेत तोच, पण २०१५ मध्ये धमकी म्हणून पाठविलेले चित्र आज उघडले तर रंगपंचमी दिसते. मूळ संहिता भाषांतरकाराच्या हाताखाली अशी पालटत असेल, तर त्याचे काम कमी झाले म्हणावयाचे की वाढले?

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. इमोजी हे विरामचिन्हाच्या जातीचे. प्रश्नचिन्हाचे कोणी पैसे मागतो काय? आम्ही कबूल करतो की जन्माने तो संबंध आहे. १९८२ च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन ह्यांनी संगणकावरील संदेशांत विनोद कोणता व गंभीर कोणते हे कळावे म्हणून अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस एकापुढे एक लिहून आडवे हसरे तोंड करावे अशी सूचना केली. इमोटिकॉनची ही परंपरा विरामचिन्हांपासूनच निघाली. आणि विरामचिन्हे तरी आमची कोठे होती? ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडीसाहेबांस देतात. त्यापूर्वी आमचे मोडी लिहिणारे कारकून वाक्यात तर सोडाच, शब्दांतही जागा न सोडता ओळ संपेपर्यंत लिहीत. (पेशवे दप्तरातील एखाद्या पत्राची आजच्या यंत्राने शब्दगणना केली तर एका ओळीला एक शब्द भरेल!) परंतु विरामचिन्ह व इमोजी ह्यांत एक भेद आहे, आणि आमच्या मते तोच निर्णायक आहे. प्रश्नचिन्ह वाक्याच्या आश्रयाने राहते. नुसते प्रश्नचिन्ह पाठविले तरी आधीचे वाक्य गृहीत धरावे लागते. इमोजी स्वतःच उत्तर होतो, होकार होतो, नकार होतो.

हे आम्ही अलंकारिक बोलत नाही. कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतात २०२१ साली धान्याच्या व्यापाऱ्यांनी जवसाच्या खरेदीचा करार छायाचित्र काढून एका शेतकऱ्यास पाठविला व कराराला दुजोरा द्यावा असे कळविले. शेतकऱ्याने उत्तरादाखल केवळ उभा अंगठा पाठविला. पुढे भाव चढले, जवस आले नाही, प्रकरण न्यायालयात गेले. 'करार मिळाला एवढेच मी कळविले' असे शेतकऱ्याचे म्हणणे. २०२३ साली न्यायालयाने तो अंगठा संमती व सही म्हणून धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरण्याचा हुकूम केला. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. आपल्या देशातही २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे असेच प्रकरण आले होते : व्हॉट्सअ‍ॅपवरील एका गटात सहकारी स्त्रीच्या चित्रफितीखाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडे टाकली म्हणून कर्मचाऱ्यांवर गुन्हा नोंदविला गेला. न्यायालयाने तो रद्द केला. पण त्याआधी त्या तोंडाने काय व्यक्त होते ह्याचा विचार न्यायमूर्तींस करावाच लागला. न्यायालये ज्याचा अर्थ लावण्यासाठी निकालपत्रे लिहितात, त्याचा अर्थ लावणाऱ्या भाषांतरकाराला मात्र 'चिन्हे हे शब्द नव्हेत' असे उत्तर मिळते. मराठी संदेशांचे पुराव्यासाठी इंग्रजी भाषांतर आता नित्याचे झाले आहे. तेथे एक अंगठा गाळला तर कोणाचे काय जाईल ह्याचा विचार शंका घेणारांनीच करावा.

तिसरा आक्षेप आमच्या एका व्याकरणप्रिय मित्राचा : शब्द म्हणजे उच्चारिला जाणारा, चित्राचा उच्चार नाही, म्हणून तो शब्द नाही. ह्यांस पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीची चर्चा आम्ही स्मरण करून देतो. गाय ह्या ठिकाणी शब्द कोणता, तिचा आकार, तिची हालचाल की तिचा रंग, असे प्रश्न करून भाष्यकाराने अखेर असे ठरविले आहे, की जे उच्चारिले असता शिंगे, खूर, पोळी असलेल्या त्या प्राण्याचा बोध होतो तो शब्द. बोध होतो हे तर आता सिद्धच आहे. राहिला उच्चार. आमच्या मित्रांस ठाऊक नसेल, पण अंध वाचकांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी जी यंत्रे आहेत ती इमोजी लागताच गप्प बसत नाहीत. त्या चित्राचे नाव उच्चारून पुढे जातात. ही नावे युनिकोडच्या भाषाविषयक सामग्रीत भाषाभाषांतून नोंदलेली आहेत, आणि मराठीतही आहेत. म्हणजे कोणीतरी बसून प्रत्येक चित्राला दोन-तीन मराठी शब्दांचे नाव दिले तेव्हाच ते अंध मराठी माणसाच्या कानापर्यंत पोहोचले. डोळस संस्थेला जे शून्य दिसते ते अंध वाचकाला दोन-तीन शब्दांनी ऐकू येते!

(ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द म्हणून हसून रडणारे तोंडच निवडले होते, हा दाखला आमच्या बाजूने देण्याचा मोह कोणास होईल. आम्ही तो देत नाही. ती जाहिरात होती.)

इमोजीचा आणखी एक भार भाषांतरकारावर पडतो, तो लांबीचा. साधा मोबाइल संदेश इंग्रजी लिपीत असेल तर त्यात १६० अक्षरे मावतात. त्यात एकही इमोजी आला की सबंध संदेशाची मर्यादा ७० वर येते. देवनागरीस ७० ची मर्यादा मुळातच आहे, आणि बहुतेक इमोजी त्यांतल्या निदान दोन जागा खातात. व्यापाऱ्याचा फटाके व मिठाईची चित्रे असलेला दिवाळीचा इंग्रजी संदेश मराठीत त्याच मर्यादेत बसवून द्या म्हटले, तर उरलेल्या जागेत शुभेच्छा कोंबण्याची कसरत शब्दसंख्येत दिसत नाही. दिसते ती उलट : भाषांतर आखूड झाले म्हणून काही ठिकाणी पैसेही कमी!

पुनरावृत्तीच्या सवलतीविषयीही दोन शब्द. भाषांतराची आधुनिक यंत्रणा पूर्वी भाषांतरित झालेली वाक्ये लक्षात ठेवते आणि तेच वाक्य पुन्हा आले तर त्याचा दर घटविते, क्वचित शून्यावर आणते. तत्त्व वाजवी आहे. पण तुलना करताना चित्रे वगळली तर 'ठीक आहे' पुढे अंगठा आणि 'ठीक आहे' पुढे डोळे फिरविणारे तोंड ही दोन वाक्ये यंत्राला एकच वाटतात. पहिले होकार आहे. दुसरे, लग्न झालेल्या कोणाही वाचकास आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रतिपक्षाच्या एका मुद्द्यास आम्ही मान देतो. संतापलेल्या गृहस्थाने वीस लाल तोंडे ओळीने काढली तर वीस शब्दांचे पैसे मागणे लबाडी होईल. एकाच चित्राची सलग आवृत्ती हा एकच उद्गार होय. तो एकदाच मोजावा. आमच्या विद्यार्थ्याच्या बिलावर ही कसोटी आम्ही स्वतः लावून पाहिली, तेव्हा ९२४ पैकी ६९१ उरले. बाकीचे २३३ त्याने सोडावे असे आम्ही त्यास सांगितले, आणि थोडे कुरकुरून त्याने ते मान्य केले. ज्या मजकुरात शब्द थोडे व चित्रे फार, तेथे शब्दाचा दरच टाकून तासाचा दर घ्यावा, हे अधिक सरळ. २०१० साली मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' ह्या कादंबरीचे संपूर्ण इमोजीत भाषांतर 'इमोजी डिक' नावाने निघाले. फ्रेड बेनेन्सन नावाच्या गृहस्थांनी शेकडो लोकांकडून ते करून घेतले, आणि मजुरी दर वाक्याच्या भाषांतरास पाच सेंट व सर्वांत चांगले भाषांतर निवडणाऱ्या दर मतास दोन सेंट अशी ठेविली. ग्रंथ म्हणून त्याची किंमत काय हा प्रश्न येथे अप्रस्तुत. पाच सेंट हा दरही लाजिरवाणा आहे. पण त्या मनुष्यास एवढे तरी सुचले, की चित्रांच्या व्यवहारात शब्द मोजता येत नाहीत, म्हणून वाक्य मोजावे. आणि निवड करण्याच्या विचारालाही वेगळे मोल द्यावे. व्यवसाय म्हणून मिरविणाऱ्या संस्थांस हे सुचू नये?

संस्थांचे म्हणणे असे पडते, की ग्राहक आम्हांस शब्दांवर पैसे देतो, आम्ही तुम्हांस वेगळे कोठून द्यावे? ह्यात तथ्य असेल. मग इमोजीचा अर्थ कंसात लिहा ही सूचना तरी ग्राहकाने फुकट मागितली होती काय, हे त्यांनी सांगावे. काम मागताना ती भाषा, आणि पैसे देताना ते चिन्ह, असा दुतोंडी व्यवहार जोवर चालू आहे तोवर भाषांतरकारांनी काम घेण्यापूर्वीच लिहून घ्यावे : शब्दगणना कोणत्या सॉफ्टवेअरने होणार, इमोजी व इमोटिकॉन सुटे असोत वा चिकटलेले, प्रत्येक वेगळ्या चिन्हास किंवा एकाच चिन्हाच्या सलग मालिकेस एक शब्द धरणार की नाही, आणि चिन्हाचा अर्थ शब्दांत लिहून हवा असेल तर त्या लिहिलेल्या शब्दांचा दर कोणता. ही तीन वाक्ये आमच्या विद्यार्थ्याने आमच्याच टेबलावर बसून पुढील कामाच्या करारासाठी इंग्रजीत मांडली, आणि मागील बिलातील ६९१ शब्दांची मागणी त्यास जोडून गेल्या सोमवारी संस्थेकडे पाठविली. हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.